छतातला वाणीकिडा

विल्फ पर्व्हिसची रोजीरोटी कानावर चालायची. कोल्डरिगच्या खाणीत तो डेप्युटी होता. पाळीची माणसं आत शिरायच्या आधी एकट्याने पुढे जायचं, दिव्याची ज्योत बारीक करून हवा तपासायची, आणि हातातल्या काठीने छत ठोकत ठोकत कोळसा जिथे तोडतात तिथपर्यंत पोचायचं, हे त्याचं काम. पक्कं छत ठणठणीत वाजतं. सुटलेलं छत ओल्या ढोलासारखं बद्द वाजतं. बद्द वाजलं की दोनच वाटा. एकतर ते पाडून टाकायचं, नाहीतर खाली टेकू द्यायचा. तिसरी वाट नियमात नव्हती, आणि शहाण्या माणसाच्या डोक्यातही येत नव्हती.

१९५१ साली विल्फ सत्तावीस वर्षांचा होता, आणि नॉर्थंबरलंडच्या त्या किनाऱ्यावर त्याच्या कानाचा लौकिक होता. विल्फ म्हणाला चला, की डोळे मिटून चलायचं, असं जुनी माणसंसुद्धा म्हणत. एना डॉड्सशी त्याचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. एनाचा धाकटा भाऊ मॅटी विल्फच्याच विभागात कोळसा तोडायचा. बावीस वर्षांचा, तोंडाने फटकळ, खांद्याने बैल. त्याचा जोडीदार कडी टेट त्याच्याहून वीस वर्षांनी मोठा. मॅटी दिवसभर बोलायचा आणि कडी दिवसभर ऐकायचा, असं त्या दोघांचं जमलेलं होतं.

विल्फला एकच नाद होता, दगडांचा. हिवाळ्यात खाणकामगारांच्या हॉलमध्ये शहरातून हॅलम नावाचे मास्तर यायचे आणि भूगर्भाचे वर्ग घ्यायचे. बाकीचे शेगडीच्या उबेला म्हणून बसत. विल्फ वही घेऊन बसायचा. छतात उमटलेली नेच्याची पानं, झाडांची खवलेदार खोडं तो चौदाव्या वर्षापासून बघत आला होता. त्या प्रत्येकाला नाव असतं हे त्याला मास्तरांकडून कळलं, आणि तेव्हापासून खाणीत उतरताना त्याला आपण कुणाच्यातरी घरात शिरतोय असं वाटायला लागलं.

एप्रिलच्या दोन तारखेला, सोमवारी, पाळी सुरू व्हायच्या आधी तो मॅटीच्या जागेवर पोचला. शुक्रवारी काढलेल्या कोळशाने तिथलं छत नव्याने उघडं पडलं होतं. दिवा वर धरला आणि तो तसाच उभा राहिला.

आधी वाटलं झाडाची साल असेल. मग दिसलं की सालीला अशी शिस्त नसते. कौलं जशी एकावर एक चढवतात तशा आडव्या पट्ट्या, एकामागे एक, हातभर रुंद, आणि प्रत्येक पट्टीची दोन्ही टोकं बाहेर वळलेली. वर कोळशाचा पातळ पापुद्रा, चकचकीत, नुकत्याच पॉलिश केलेल्या बुटासारखा. कडेकडेने पायांची खुंटं. विल्फने पट्ट्या मोजल्या, अठ्ठावीस. लांबी काठीने मोजली, आठ फूट आणि वर एक इंच. डोकं कुठे नव्हतं, पण डोक्याशिवायही त्याने ओळखलं. परसातली कुंडी उचलली की खाली असतो, हात लावला की वेटोळं करून पडून राहतो, तो वाणीकिडा. फक्त हा माणसापेक्षा लांब होता.

मग सवयीने त्याने काठी उचलली. टोकाला ठोकलं, ठणठणीत. दुसऱ्या टोकाला ठणठणीत. मधोमध ठोकलं तर बद्द.

त्याने पुन्हा ठोकलं, जरा हळू.

पाडला तर त्याचे तुकडे झाले असते. मधे टेकू आणि फळी दिली असती तर वरून दाब येऊन पट्ट्या भुगा झाल्या असत्या. विल्फने दोन्ही कडांना दोन दोन टेकू दिले आणि मधला भाग रिकामा सोडला. त्याच संध्याकाळी त्याने हॅलम मास्तरांना पत्र लिहिलं, सोबत चित्र काढलं. उलट टपाली उत्तर आलं: हात लावू नका, शनिवारी खाण बंद असेल तेव्हा मी साहेबांची परवानगी काढून कॅमेरा घेऊन येतो.

मॅटीला ते ध्यान पहिल्या दिवसापासून पसंत नव्हतं. "विल्फ, तुझ्या ह्या बाईला घरी घेऊन जा," मंगळवारी तो म्हणाला. "एनाला सांगू का मी, की खाली कुणीतरी ठेवलीय म्हणून?"

"सांग. तिलाही बघायला आवडेल."

"असला किडा भाकरीत निघाला तर आख्ख्या गल्लीला पुरेल."

कडी हसला नाही. तो वर बघत होता. "मधे टेकू का नाही?" त्याने विचारलं.

"कडांना चार आहेत."

"मधे विचारतोय मी."

"शनिवारपर्यंत," विल्फ म्हणाला. "शनिवारी खाण बंद असते. मास्तर बघून गेले की मी स्वतः पाडतो."

कडीने खांदे उडवले. डेप्युटीचा शब्द तो डेप्युटीचा शब्द. बुधवारी मॅटी काम थांबवून म्हणाला, "मला आज ही कालच्यापेक्षा खाली आल्यासारखी वाटते रे." त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. विल्फने ठोकून पाहिलं. बद्द होतं, पण सोमवारी होतं तेवढंच, असं त्याने स्वतःला समजावलं. "तुझी उंची वाढली असेल," तो मॅटीला म्हणाला. मॅटी हसला आणि पुन्हा कामाला लागला.

गुरुवारी सकाळी दहाच्या सुमाराला विल्फ दोनशे पावलांवर दुसऱ्या जागी होता. आवाज मोठा झाला नाही. ओल्या धान्याचं पोतं कुणी खांद्यावरून टाकावं तेवढाच. पण त्याच्या कानाने ओळखलं, आणि तो पळत सुटला तेव्हा कडीची हाक अजून यायची होती.

अख्खी शिळा एका तुकड्यात खाली आली होती, आठ फूट लांब, कडेच्या टेकूंच्या अगदी मधून. मॅटी गुडघ्यांवर बसून कोळशाखाली खाच पाडत होता, तसाच तिच्याखाली दुमडला गेला होता. सहा जणांनी लोखंडी पहारींनी ती उचलली. तो पाऊण तास जिवंत होता. बोलला नाही. श्वास घेताना त्याच्या घशातून जो आवाज येत होता त्यावरून विल्फला कळलं की हा वर पोचणार नाही, आणि तो पोचला नाही. स्ट्रेचर वर घेताना, माणसं वर नेणाऱ्या पिंजऱ्यातच गेला.

उचलताना शिळा फुटली होती. दुपारच्या पाळीने ते तुकडे बाकीच्या दगडांबरोबर रुळांवरच्या टबांत भरले, आणि खाणीचा सगळा कचरा जिथे जायचा तिथे ते गेले, समुद्रकाठच्या ढिगावर. भरतीने ते कधी नेले हे कुणी पाहिलं नाही.

पुढच्या आठवड्यात हॉलमध्ये चौकशी झाली. मृत्यूची चौकशी करणारे अधिकारी वयस्कर होते, मऊ बोलणारे. "त्या सकाळी तुम्ही छत तपासलं होतं का, मिस्टर पर्व्हिस?"

"हो साहेब."

"आणि आवाज कसा होता?"

हॉलच्या पहिल्या रांगेत एना आईचा हात धरून बसली होती. विल्फ म्हणाला, "पक्का होता, साहेब."

कडीला विचारलं तेव्हा तो म्हणाला की छताचं डेप्युटी बघतात, आपण कोळसा तोडतो. अपघाती मृत्यू असा निकाल झाला. बाहेर पडताना कडी विल्फच्या जवळून गेला आणि हलकेच म्हणाला, "तुझ्यासाठी नाही केलं मी हे. त्या पोरीसाठी केलं." त्यानंतर एकोणीसशे सत्तरमध्ये मरेपर्यंत तो विल्फ बसलेला असेल त्या टेबलावर कधी बसला नाही.

हॅलम मास्तर मात्र ठरल्याप्रमाणे शनिवारी आलेच होते, कॅमेरा आणि प्लास्टरची पिशवी घेऊन. मयतीच्या रिवाजाप्रमाणे गल्लीतल्या सगळ्या खिडक्यांचे पडदे ओढलेले होते. विल्फ दारात काळ्या कोटात उभा होता. "तो तुटला," एवढंच तो बोलला. मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं, मग ओढलेल्या पडद्यांकडे, आणि टोपी काढली. ते पुन्हा कोल्डरिगला वर्ग घ्यायला आले नाहीत.

एनाची आई, बेसी, एकट्या घरात राहीना म्हणून त्यांच्याकडे आली आणि एकोणीस वर्षं राहिली. शेगडीजवळची खुर्ची तिची. दर एप्रिलमध्ये एकदा ती विचारायची, "विल्फ, त्याला काही कळलं असेल का रे? काही सूचना मिळाली असेल?" आणि विल्फ सांगायचा, "नाही आई. क्षणात झालं." ती मान हलवायची. तिने त्याला याहून अधिक कधी विचारलं नाही. जावई म्हणून तिचा त्याच्यावर जीव होता, आणि तोच त्याला सोसत नसे.

विल्फने मात्र त्या दिवसापासून एकही छत सोडलं नाही. शंका आली की पाडायचा. साहेब चिडायचे, माणसं मजुरी बुडाली म्हणून शिव्या घालायची. निवृत्त होईपर्यंत त्याच्या विभागात छत पडून कुणी मेलं नाही. निवृत्तीला लोकांनी त्याला घड्याळ दिलं आणि हे वाक्य भाषणात तीनदा आलं. तो घरी आला आणि जेवला नाही.

खाण बंद पडली. छातीत धूळ साठलेले म्हातारे उरले, त्यांतला एक तो. आणि १९९४च्या ऑक्टोबरमध्ये त्याला एक पत्र आलं. विद्यापीठातल्या डॉक्टर रोवेना केल यांचं. हॅलम मास्तर गेल्या वर्षी वारले, त्यांच्या कागदांत आपलं पत्र आणि चित्र सापडलं, आपण भेटाल का?

पत्र जाळून टाकणं सोपं होतं. विल्फने ते चार दिवस कोटाच्या खिशात बाळगलं. मग त्याने उत्तर लिहिलं, बुधवारी दुपारी या. बुधवारी दुपारी एना चर्चच्या महिला मंडळात असायची. आपण हे का करतोय हे त्याला नीट सांगता आलं नसतं. पण एक गोष्ट खरी होती. तो किडा एवढा मोठा कशाने झाला हे त्याला अजून हवं होतं. इतक्या वर्षांत ते कुणाला विचारायची त्याला सोय नव्हती.

त्या बुधवारी चर्चमधला बॉयलर बिघडला आणि मंडळ भरलंच नाही. रोवेना केल दारात आली तेव्हा दार एनाने उघडलं.

"विल्फ, तुझ्याकडे पाहुणी आलीय. दगडांचं काहीतरी म्हणते," एना म्हणाली, आणि किटली ठेवायला गेली. ती खुशीत होती. घरात कुणी आलं की ती खुश व्हायची.

पोरगी तिशीतली, केस आखूड, बुटांना चिखल. चहाबरोबर एनाने गरम स्कोन आणि लोणी मांडलं. पोरीने आढेवेढे न घेता दोन खाल्ले आणि बोलायला लागली.

"असा पूर्ण अंगाचा नमुना जगात कुठेच नाही, मिस्टर पर्व्हिस. तुकडे मिळतात, पायांचे माग मिळतात. अठ्ठावीस पट्ट्या एका रांगेत पाहिलेला माणूस मला तुमच्याशिवाय माहीत नाही."

"कसला नमुना?" एनाने विचारलं.

"किडा होता, मिसेस पर्व्हिस. वाणीकिड्याच्या जातीचा. तीस कोटी वर्षांपूर्वी इथल्या जंगलात फिरायचा. आठ फूट लांब."

"अगं बाई. आणि चावायचा?"

"नाही. पाला खात असणार, कुजकी लाकडं. माणसाला काही केलं नसतं त्याने."

विल्फने कप खाली ठेवला. "एवढा मोठा कशाने झाला तो?" त्याचा आवाज त्यालाच परका वाटला.

"खरं सांगू? नक्की कुणालाच माहीत नाही." पोरगी पुढे सरकली. "या प्राण्यांना फुप्फुसं नसतात. अंगाला बारीक भोकं असतात, त्यातून हवा आत झिरपते. म्हणून आजचे एवढेसे राहतात, अंग मोठं झालं की हवा मध्यापर्यंत पोचत नाही. पण त्या काळात झाडं इतकी होती, आणि मेली तरी कुजायच्या आधी चिखलात गाडली जायची, की हवेत प्राणवायू साठत गेला. आजच्या दीडपट म्हणतात. हे एक कारण."

"आणि ती गाडलेली झाडं म्हणजे आमचा कोळसा," विल्फ म्हणाला.

"तोच. पण मला दुसरं कारण जास्त पटतं. खायला ढीगभर होतं, आणि जमिनीवर त्याला खाणारं मोठं जनावर अजून नव्हतंच. कुणी अडवणारं नाही. कात टाकायची आणि वाढायचं, जन्मभर."

"मग संपला कसा?"

"रान सुकलं. आणि नंतर दात असलेले आले."

विल्फ ऐकत होता आणि त्याच्या मनात काहीतरी सैल होत होतं, सुखासारखं. तेवढ्यात पोरीने पिशवीतून एक कागद काढला. "हे तुमचं पत्र. प्रत काढून आणलीय. चित्र किती सुंदर आहे बघा, मिसेस पर्व्हिस," म्हणून तिने तो एनाच्या हातात दिला.

विल्फचा हात कागदाकडे निघाला आणि टेबलावरच राहिला.

एनाने चष्मा लावला. आधी चित्र पाहिलं, हसली. मग वाचायला लागली, तिच्या सवयीप्रमाणे अर्धवट मोठ्याने. "'...मॅटी डॉड्सच्या जागेवर, छतात... तुम्ही बघेपर्यंत मी तो पाडत नाही. मधे टेकूही दिलेला नाही, पट्ट्या चिरडतील. पण मधोमध पोकळ वाजतो, तरी लवकर यावं...'"

ती थांबली. कागदाच्या वरच्या कोपऱ्यात तिची नजर गेली. "दोन एप्रिल," ती म्हणाली.

 एनाने बाकीचं पत्र मनात वाचलं, घडी घातली, आणि पोरीच्या कपात चहा ओतला. "साखर एक ना?" मग विल्फकडे न बघता तिने विचारलं, "आणि मग ह्या किड्याचं काय झालं?"

"पडला," विल्फ म्हणाला.

"कधी?"

"गुरुवारी."

रोवेना केल दोघांकडे आळीपाळीने बघत होती. "माझं काही चुकलं का?"

"तुझं नाही, बाळ," एना म्हणाली. "तो माझ्या भावावर पडला."

पोरगी गेल्यावर एना बराच वेळ भांडी विसळत राहिली, धुतलेलीच पुन्हा. विल्फ स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. त्याने सगळं सांगितलं. काठीचा आवाज, कडीचा प्रश्न, मॅटीने बुधवारी काय म्हटलं ते, आणि त्याने त्यावर केलेली थट्टा. तीही त्याने गाळली नाही.

"म्हणजे त्याला कळलं होतं," एना म्हणाली.

"हो."

"आई तुला तेच विचारायची. एकोणीस वर्षं. तिने काय दुसरं मागितलं होतं तुझ्याकडे?"

"मला सांगवलं नाही, एना."

"दरवर्षी खोटं सांगवलं की." तिने फडकं पिळलं, खुंटीला टांगलं. "तुला शनिवार कशाला हवा होता रे? फोटो काढून काय मिळणार होतं तुला?"

"काही नाही. एवढा मोठा कुणी पाहिला नव्हता. कुणीतरी बघावा असं वाटलं."

"मॅटीने पाहिला," ती म्हणाली.

त्या दिवसापासून ती मागच्या खोलीत झोपायला लागली. जेवण वेळेवर मिळायचं, कपडे धुतलेले मिळायचे. विल्फने एका सोमवारी कोट घातला आणि बसने तालुक्याच्या गावी गेला, जिथे अशा चौकशांचं दप्तर असतं. तिथल्या कारकून बाईने त्याचं शांतपणे ऐकून घेतलं. मग आत जाऊन कुणालातरी विचारून आली. "आजोबा, ते प्रकरण आता कुणी उघडणार नाही. अधिकारी नाहीत, साक्षीदार नाहीत, खाणसुद्धा नाही. तुम्ही मनाला लावून घेऊ नका." जाताना तिने त्याला दारापर्यंत सोडलं, पायऱ्यांवरून हाताला धरून.

त्याने घरी येऊन ते एनाला सांगितलं.

"म्हणजे तुला शिक्षा करणारं कुणी उरलं नाही," एना म्हणाली.

"नाही."

"मी आहे अजून." थोड्या वेळाने ती म्हणाली, "आणि मला ते करायचं नाहीय. दमलेय मी. पण एक लिहून दे. त्या पोरीला सगळं लिहून दे, जसं झालं तसं. त्यात मॅटीचं नाव आलं पाहिजे."

विल्फने नऊ पानं लिहिली. रोवेना केल पुन्हा आली तेव्हा तिने ती टेबलाशी बसून वाचली. शास्त्राच्या लेखात अशा गोष्टी घालत नाहीत, ती चाचरत म्हणाली, मोजमापं घालतात, थर घालतात.

"मग मोजमापंही मिळणार नाहीत," एना म्हणाली. "त्याच्या डोक्यात आहेत ती तिथेच राहतील. तुझ्यावर राग नाही माझा, पोरी. पण किड्याला नाव आहे आणि माझ्या भावाला नाही, असं चालणार नाही."

लेख छापून यायला दीड वर्ष लागलं. तोवर विल्फ खालच्याच खोलीत झोपायला लागला होता, खुर्चीत बसून, कारण आडवं झालं की श्वास अडायचा. जाड लिफाफा आला तेव्हा एनानेच तो फोडला आणि त्याच्यासमोर बसून वाचला. बरंचसं दोघांना कळलं नाही. चित्राखाली विल्फचं नाव होतं. आणि चौथ्या पानावर दोन वाक्यं होती. हा नमुना ५ एप्रिल १९५१ रोजी छत कोसळून नष्ट झाला. अभ्यासासाठी तो टेकू न देता राखून ठेवण्यात आला होता, आणि त्याखाली मॅथ्यू डॉड्स, वय बावीस, हे खाणकामगार मरण पावले.

"पुन्हा वाच," विल्फ म्हणाला.

तिने पुन्हा वाचलं. त्याने तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आता पुरे," आणि कागद पाकिटात घालून ठेवले. मग तिने त्याच्या पाठीमागची उशी सारखी केली, कारण तो घसरला होता.

विल्फ पुढच्या फेब्रुवारीत गेला. डॉड्सांच्या थडग्यात, बेसी आणि मॅटीजवळ, एकाची जागा बाकी होती. चर्चच्या माणसाने विचारलं तेव्हा एनाने ती स्वतःसाठी ठेवली. विल्फला तिने गावाच्या वरच्या बाजूला, नव्या दफनभूमीत पुरलं. दर रविवारी प्रार्थना सुटल्यावर ती दोन्हीकडे जाते. वरच्या बाजूला कमी वेळ थांबते, पण जाते.